दसऱ्यानंतरचे स्फटिक

"बाई, हे वितळत का नाही?"

फोरमन केळसकर माझ्या खांद्यावरून त्या बारीक काचेच्या नळीकडे बघत होते. नळीत आमच्या औषधाची चिमूटभर पांढरी भुकटी, नळी तापत्या तेलात बुडवलेली, शेजारी थर्मामीटर. रोजचंच काम. तेल एकशे अठ्ठाविसावर पोचलं की भुकटीनं मुकाट्यानं वितळायचं, मी सही करायची आणि केळसकरांनी पिंपं भरायला सांगायचं, असा आमचा तिघांचा समझोता होता. त्या दिवशी अठ्ठावीस गेलं, तीस गेलं, पस्तीस गेलं. भुकटी ढिम्म.

"तुमचं थर्मामीटर बिघडलंय."

"तिसरं थर्मामीटर आहे हे, केळसकर."

"मग तेल जुनं असेल."

"सकाळीच बदललंय."

"मग..." म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून थर्मामीटर आणि तेलानंतर त्यांच्या यादीत कोण उरलं होतं ते मला कळलं.

एकशे त्रेचाळिसावर ती भुकटी एकदाची वितळली. आमच्या कारखान्यातला सुखाचा काळ त्या मिनिटाला संपला.

त्र्याऐंशी साल. लोट्याच्या माळावर तेव्हा कारखाने विरळ होते आणि करवंदीची जाळी दाट. चिपळूणहून सकाळची एसटी पकडायची, परशुरामचा घाट चढायचा, वर आलं की धुक्यातून आधी आमची चिमणी दिसायची आणि मग कॅन्टीनमधून फोडणीचा वास यायचा. साठेक माणसं होतो. कोण कुणाच्या शेजारी बसतं, कोण कुणाला बघून गप्प होतं, कुणाचं कुणाकडे काय अडलंय, याचा हिशेब ठेवायची मला खोडच होती. तपासणी विभागात माझ्या हाताखाली एक तराजू होता, पण खरं वजन मी माणसांचंच करायचे. आज चाळीस वर्षांनी त्यांतले निम्मे गेले, पण माझ्या मनात सगळे आपापल्या टेबलांवर बसलेले आहेत.

आम्ही लहान मुलांच्या जंतांवरचं औषध करत होतो. ते शोधलं होतं आमच्या डॉक्टर ऐनापुऱ्यांनी. मिरजेचे, अविवाहित, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्या रेणूबद्दल ते अशा थाटात बोलायचे, की नवीन माणसाला वाटावं, मुलगा कुठंतरी बोर्डिंगात शिकतोय. मालक भाऊसाहेब शेवडे. भाताच्या गिरणीतून रसायनात आलेला माणूस, मनानं वाईट नाही, पण ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं मानणारा. आणि आवाज केळसकरांचा मोठा होता.

सरकारी दवाखान्यांची मोठी मागणी हातात होती, जानेवारीत माल द्यायचा होता. आणि आता एकामागून एक बॅच तशीच निघायला लागली. या भुकटीच्या गोळ्या पाण्यात टाकल्या, तर खड्यासारख्या तळाशी बसून राहायच्या. पोरांच्या पोटात जाऊन त्या तशाच बाहेर आल्या असत्या, जंतांना धक्का न लावता.

"भेसळ झाली," केळसकर म्हणाले. "कच्चा माल बघा."

कच्चा माल शुद्ध होता. मी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही भुकट्या ठेवल्या. जुन्या मालाचे स्फटिक म्हणजे लांबच लांब सुया, शेवयांसारख्या. नव्याचे बुटके, चौकोनी, सोंगट्यांसारखे. डॉक्टरांनी डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही. मग उठून म्हणाले, "दामलेबाई, भाऊसाहेबांना कॅन्टीनमध्ये बोलवा. आणि केळसकरांनाही. मला माणसं लागतील."

कॅन्टीनमध्ये त्यांनी बाकं भिंतीला लावायला सांगितली.

"भाऊसाहेब, ही भेसळ नाही. रेणू तोच आहे, आपलाच. फक्त त्यांनी एकमेकांना धरलंय वेगळ्या तऱ्हेनं."

"रेणू धरतात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"धरतात म्हणजे काय, दुसरं करतात काय! आपल्या रेणूच्या एका टोकाला किंचित ऋण विद्युतभार असतो, दुसऱ्या टोकाला किंचित धन. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाकडे ओढलं जातं. एवढ्या ओढीवर सगळा स्फटिक उभा राहतो. केळसकर, इकडे या. हात द्या."

"मी?"

"द्या हो. फुगडी घालायचीय."

आणि डॉक्टर ऐनापुऱ्यांनी, चष्मा सावरत, केळसकरांचे दोन्ही हात धरून खरोखर दोन गिरक्या घेतल्या. स्वयंपाक करणाऱ्या बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"ही आपली जुनी सुई," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "दोघा-दोघांची जोडी. माझे दोन्ही हात यांच्या हातात, यांचे माझ्या. आम्हाला तिसऱ्याशी घेणंदेणं नाही. अशा जोड्या नुसत्या एकीवर एक रचलेल्या असतात, मध्ये भरपूर फटी. आता भाऊसाहेब, तुम्ही पाणी."

"मी पाणी?"

"पाण्याच्या रेणूलाही अशीच दोन टोकं असतात. आणि ते मोठं लाघवी. या, आमच्या जोडीला धरून बाहेर न्या."

भाऊसाहेबांनी केळसकरांच्या दंडाला धरून ओढलं. जोडी सहज दाराकडे गेली.

"हे झालं विरघळणं. आता बघा." डॉक्टरांनी बायकांना, वॉचमनला, मला, सगळ्यांना बोलावून ओळीनं उभं केलं. प्रत्येकाचा एक हात पुढच्याच्या हातात, एक मागच्याच्या. अशा दोन ओळी, पाठीला पाठ लावून. "ओढा आता कुणाला तरी."

भाऊसाहेबांनी मला ओढलं, वॉचमनला ओढलं, शेवटी जोर लावून केळसकरांना ओढलं. एकाला ओढलं की सगळी साखळी ताणायची. कुणी सुटेना. मालक घामाघूम झाले.

"ही सोंगटी," डॉक्टर म्हणाले. "एकही हात मोकळा नाही. पाणी येतं, दारावरून परत जातं. वितळायलाही जास्त आच लागते, ती त्याचमुळं. माणसं तीच. कोणाचा हात कोणाच्या हातात, एवढाच फरक."

"बरं मग," भाऊसाहेब कपाळ पुसत म्हणाले, "त्यांना सांगा परत फुगडी घालायला."

डॉक्टर हसले नाहीत. "तेच तर होत नाही. साखळी जास्त भक्कम. इतके दिवस त्यांना ती ठाऊक नव्हती. द्रावणात दोघं-दोघं भेटायचे आणि तसेच बसायचे. आता त्यांना कुणीतरी साखळी दाखवलीय. एक कण पुरतो. डोळ्याला न दिसणारा कण. तो द्रावणात पडला, की बाकीचे त्याच्याकडे बघून तसेच रचत जातात. आणि तो कण आता या कारखान्यात सगळीकडे आहे. भांड्यांत, हवेत, आपल्या केसांत, कपड्यांत."

"आला कुठून?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माझ्याच कपाटातून. मागच्या फळीवर एक चंबू विसरून राहिला होता, दोन वर्षं. त्यातलं द्रावण सावकाश आटलं. घाई नसली, की रेणूंनाही बरं सुचतं. तळाशी सोंगट्या जमल्या असणार. तो चंबू परवा मी शोधला. लख्ख पुसलेला होता."

"कुणी पुसला?" भाऊसाहेबांनी आवाज चढवला.

कुणी पुसला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खंडेनवमीला आमच्याकडे मोठी पूजा असायची. केळसकर पहाटेपासून उपाशी राहून सोवळ्यात सगळी यंत्रं स्वतःच्या हातानं पुसायचे. आधी प्रयोगशाळा, कारण विद्या आधी. मग तेच फडकं घेऊन रिअ‍ॅक्टर, मग सुकवणीची खोली. त्या वर्षी तर भाऊसाहेबांची बायको येणार म्हणून त्यांनी कपाटंसुद्धा आतून पुसली होती. त्यानंतर साठ माणसांनी प्रत्येक भांड्याजवळ जाऊन हळदकुंकू, अक्षता वाहिल्या होत्या, झाकणं उघडून आत फुलं दाखवली होती.

केळसकर खाली बाकावर बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक ऐकला मी. "मी तर चांगल्यासाठी..."

"तुमचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "पण इथं आता सुई होणार नाही. दुसरी जागा हवी, घाटापलीकडे. नवी भांडी, नवी माणसं, आणि इथल्या कुणीही तिथं पाऊल टाकायचं नाही. मी नाही, तुम्ही नाही, भाऊसाहेब, तुम्हीसुद्धा नाही."

कराडला भाऊसाहेबांच्या मेव्हण्याचं एक बंद गोदाम होतं. भांडी मुंबईहून परस्पर नेता आली असती. हाताखाली गावातली माणसं मिळाली असती. पण काम येणारा माणूस?

"काम येतं आणि पूजेनंतर आत आलेला नाही, असा कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना एकाच वेळी आलं होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्यानं बोलायची वाट बघत होता. शेवटी स्वयंपाकाच्या बाईच बोलल्या, "गमरे."

सुगत गमरे. शिफ्ट केमिस्ट, बी.एस्सी., माझ्याच वयाचा, खेडकडच्या एका वाडीतला. दर दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. म्हणजे खंडेनवमीच्या पूजेला तो कधीच नसायचा, आणि हे केळसकरांच्या डोळ्यांत दर वर्षी सलायचं. त्या वर्षी त्यांनी रजा नाकारली. "पूजेला सगळे पाहिजेत, एकट्याला वेगळा कायदा नाही." गमरे गेलाच. परत आला तेव्हा वॉचमननं त्याला फाटकातच निलंबनाचं पत्र दिलं. आत ठेवलेली छत्रीसुद्धा घेऊ दिली नाही. चौकशी पुढच्या महिन्यात लागली होती आणि तिचा निकाल सगळ्यांना ठाऊक होता. एका कारखान्यातून काढलेल्या माणसाला त्या माळावर दुसरा कारखाना दारात उभं करत नसे.

आमच्याकडे कुणी कुणाला उघड काही बोलायचं नाही. फक्त जेवताना सगळ्यांच्या भाज्या टेबलावर फिरायच्या, आणि गमऱ्याच्या डब्याचं झाकण त्याच्यापुरतंच उघडायचं. मी बायकांच्या टेबलावर बसायचे. त्यामुळे माझी परीक्षाच झाली नव्हती.

"बोलवून घ्या त्याला," भाऊसाहेब म्हणाले.

"इथं कसं बोलवता? इथं आला की तोही गेला." डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही जा. तुमचं तो ऐकेल. डोक्यावरून अंघोळ करा, कारखाना न बघितलेली साडी नेसा. दारात थांबून बोलायचं. काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. त्याच्या जवळ जायचं नाही. वेडेपणा वाटेल, पण आपल्याला एकच माणूस आहे."

कंपनीच्या खर्चानं मला आयुष्यात मिळालेली ती एकमेव साडी. चिपळूणच्या दुकानात मी जरा वरच्या भावाचीच निवडली.

वाडी रस्त्यापासून आत होती. भात कापून झालं होतं, खळ्यांवर उडव्या रचलेल्या. वाडीच्या तोंडाशी निळा झेंडा, पुढं बुद्धविहाराची नवी पत्र्याची खोली, त्याच्या पलीकडे गमऱ्याचं घर. दगडी गडगा, अंगण सारवलेलं. गमरे पडवीत बसून पेज खात होता. मला बघून तसाच उठला, हात लुंगीला पुसत पुढं यायला लागला. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"दामलेबाई! अहो, या ना—"

"थांबा!" मी ओरडले. "तिथंच थांबा, गमरे! जवळ येऊ नका!"

तो थांबला. चेहऱ्यावरचा आनंद कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. मागं दारात त्याची आई उभी होती. साठीची, काटक, हातात पाण्याचा तांब्या. तिनं ते वाक्य ऐकलं होतं. तिनं तांब्या हळूच उंबऱ्यावर ठेवला.

मी गडग्याबाहेर उभी राहून भराभरा सगळं सांगितलं. सुया, सोंगट्या, चंबू, फडकं, कराड. गमरे आधी कपाळाला आठी घालून ऐकत होता. फडक्यापाशी आला आणि त्याची आठी गेली.

"म्हणजे केळसकरांनी आपल्या हातानं सगळीकडे बी पेरलं?"

"हो."

"आणि मला बाहेर ठेवलं म्हणून मी तेवढा वाचलो?"

"हो."

तो पडवीच्या कडेला बसला. हसला नाही. "बाई, खरं सांगा. काम झालं की परत चौकशी सुरू होणार नाही कशावरून?"

"मी शब्द देते."

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण निलंबनाच्या पत्रावर तुमची सही नाही." मग म्हणाला, "मी जाईन कराडला. पत्र मागं घेतलं, असं भाऊसाहेबांनी स्वतः येऊन तोंडानं सांगायचं. आणि दर दसऱ्याला रजा. अर्ज नाही, विनवण्या नाहीत. माझी रजा, माझी. ते सांगतील तेव्हा मी पहिली बॅच लावीन, त्याआधी नाही."

"नाही आले ते तर?"

"तर माझी नोकरी गेलीच आहे, बाई. त्यांचा कारखाना जाईल."

या माणसाकडे आपण इतकी वर्षं मऊ माणूस म्हणून पाहिलं, असं मनात आलं. मी मान हलवली. निरोप घ्यायला वळले, तर त्याची आई म्हणाली, "उन्हाची आलीस, बाय. च्या नाय तर नाय, पानी तरी घे."

माझा घसा खरंच कोरडा पडला होता. पण तांब्याला मी हात लावायचा, तोच तांब्या मग त्यानं तोंडाला लावायचा. मी गमऱ्याकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं आणि तोही गडबडला.

"आई, नको. त्यांना चालणार नाही."

"आसू दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा राग असता तर बरं वाटलं असतं. "दामल्यांची ना तू? तुमच्या आळीला मी लाकडं घालायची. म्हायताय मला."

"तसं नाही हो, आई!" माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. "मला चालतं. मला प्यायचंय. तुमच्या सुगतलाच ते चालणार नाही."

तिनं मुलाकडे पाहिलं. गमऱ्यानं तिला समजावलं, त्याला जमेल तसं. बाईंच्या अंगावर कारखान्यातला कण असेल, तो दिसत नाही, पण तो आपल्या भांड्याला लागला तर माझं काम नासेल.

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "म्हंजी आज हिला शिवायचं नाय?"

"नाही."

"हिचा हात लागला का बाटतं?"

"आजच्या पुरतं, हो."

"आनि आपून चोख?"

गमरे आता हसू दाबत होता. "आपण चोख."

ती जी हसायला लागली! पडवीचा खांब धरून हसली, खाली बसून हसली, लुगड्याच्या पदरानं डोळे पुसून परत हसली. शेजारच्या दोन बायका कामं टाकून गडग्यापाशी आल्या. मीही हसत होते, मला वाटतं, किंवा रडत होते.

मग तिनं तांब्या उचलला आणि अंगण ओलांडून गडग्याशी आली.

"खाली बस," ती म्हणाली.

मी नव्या साडीसकट मातीत उकिडवी बसले.

"ओंजळ कर. तशी नको, पानी जाईल. कोपरं जुळव. बोटं घट मिट. हां. आता तोंड म्होरं घे."

गडग्यावरून वाकून तिनं तांब्या उंच धरला. धार बारीक, एकसारखी, थेट माझ्या ओंजळीत. एक थेंब इकडे तिकडे नाही. मी पीत होते आणि ती वरून सांगत होती, "पुरे झालं तर बोलू नको, ठसका लागंल. नुसती मान हलीव." इतकं नेमकं कुणाला ओतताना मी पाहिलेलं नाही. हे ओतणं ती कुठून बघून शिकली असेल, खाली बसून, किती वर्षं, ते मला त्या धारेखाली समजत गेलं.

मी मान हलवली. तिनं धार तोडली, उरलेलं पाणी गडग्याच्या कडेला लावलेल्या झेंडूला घातलं.

"जा आता, बाय," ती म्हणाली. "सांग त्यांना, पोरगा येतोय म्हनून."

भाऊसाहेब यायला तयार नव्हते. कामगारापुढं जाऊन माफी मागायची? केळसकर म्हणाले, एकदा ही पद्धत पडली की उद्या प्रत्येक जण अटी घालील. मी म्हटलं, "मग दुसरा चोख माणूस शोधा." चार दिवस त्यांनी शोधलाही. मग गाडी काढली.

नोव्हेंबर संपत आला होता. कराडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला ते गोदाम, चुना दिलेलं, खिडक्यांना नव्या काचा. आम्ही चौघं रस्त्याच्या या बाजूला उतरलो. सगळे नव्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे. गमरे दारात उभा होता, पांढऱ्या कोऱ्या डगल्यात, मागं त्यानं नेमलेली तिघं माणसं.

भाऊसाहेबांनी खाकरून सुरुवात केली. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्यांना परत सुरुवात करावी लागली. "गमरे, ते पत्र मी मागं घेतलंय. चौकशी रद्द. आणि दसऱ्याची तुमची रजा... ती तुमची."

"ऐकू आलं," गमरे म्हणाला. मग केळसकरांकडे बघत राहिला.

केळसकर चपलेच्या टोकानं माती उकरत होते. "माझंही तेच," ते म्हणाले.

भाऊसाहेबांना बोलून मोकळं वाटलं असावं. हात पुढं करून, मालकाला शोभेल असं हसत, ते रस्ता ओलांडायला निघाले.

"भाऊसाहेब, तिथंच थांबा," गमरे म्हणाला. आवाज न चढवता.

उचललेलं पाऊल मालकांनी परत मागं ठेवलं.

दार लागलं. थोड्या वेळानं आत मोटर सुरू झाल्याचा घुमारा ऐकू आला. डॉक्टर ऐनापुरे डोळे मिटून तो ऐकत होते. द्रावण तापून निवायला दुपार जाणार होती. आम्ही समोरच्या टपरीवर बसलो, चहा मागवला, भजी मागवली, कुणी काही खाल्लं नाही. भाऊसाहेब दोनदा गाडीत जाऊन बसले, दोनदा उतरले. केळसकरांनी डॉक्टरांना विचारलं, "समजा तिथंही सोंगट्याच आल्या तर?" डॉक्टर म्हणाले, "तर मग मी मिरजेला गणिताच्या शिकवण्या घेईन. आणि तुम्ही माझ्याशी फुगडी घालायला मोकळे." केळसकर हसले नाहीत, पण त्यांनी स्वतःचा चहा डॉक्टरांपुढं सरकवला.

उन्हं कलली. गोदामाची खिडकी आतून कुणीतरी पुसली, आणि गमरे काचेशी आला. हातात चंबू होता.

डॉक्टर धावत रस्त्याच्या कडेला गेले. साठीचा माणूस, टाचा उंचावून, चष्म्याची काडी एका हातानं धरून. ज्या रेणूवर त्यांनी आयुष्य घातलं, तो आता रस्त्यापलीकडे होता आणि त्यांना तिकडे जायची बंदी होती.

"वर धर!" ते ओरडले. "उजेडात! अजून वर!"

गमऱ्यानं चंबू उंच धरून हलकेच फिरवला. मावळतीचं ऊन काचेतून आत शिरलं, आणि नितळ द्रावणात काहीतरी लखलखत, गिरक्या घेत, सावकाश खाली उतरायला लागलं. लांब. बारीक. हजारांनी.

"दामलेबाई," डॉक्टर वळून न बघता म्हणाले, "तुमचे डोळे तरुण आहेत. सांगा काय दिसतंय."

"सुया," मी म्हटलं.

ते टाचा टेकवून उभे राहिले, तरी नजर खिडकीवरच. काचेआडून गमरे ओठ हलवून काहीतरी विचारत होता. ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याला हलवून दाखवले, आणि त्यांच्या मागं उभ्या केळसकरांनीही, कुणी न सांगता, आपले हात वर केले.